हिरवी तुटक रेघ : आयुक्त महोदय, न झालेल्या रस्त्यावर मजले चढवू नका

प्रति,
माननीय आयुक्त, महानगरपालिका
प्रत : नगररचना विभाग, प्रभागातील लोकप्रतिनिधी आणि गल्लीतले सर्व शेजारी

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जाहीर नोटिसांच्या दाटीत, आपल्या महापालिकेची एक सूचना छापून आली. आमच्या भागातल्या सहा मीटर रुंदीच्या गल्ल्यांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली नऊ मीटरची रस्तारेषा, म्हणजे रस्ता पुढे जिथवर रुंदावायचा ती हद्द, आखायची आहे, कुणाची हरकत असेल तर मुदतीत द्यावी, एवढाच मजकूर होता. मी हरकत लिहून दिली, आवक शिक्का मारलेली पोच घरी आणली. पण हरकत फाइलला लागते आणि फाइल कपाटात जाते. या निर्णयाने ज्यांच्या दारात फरक पडणार आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. त्यांतल्या निम्म्यांना अशी नोटीस निघाली हेच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र आपल्याला आणि त्यांनाही.

मी ६७ वर्षांची आहे. एका वास्तुविशारदांच्या कचेरीत ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होते. महापालिकेला सादर करायचे शेकडो नकाशे माझ्या हातून गेले. आधी ट्रेसिंग पेपरवर पेनने, नंतर संगणकावर. त्या नकाशांचे रंग ठरलेले असतात. प्रस्तावित बांधकाम लाल. पाडायचं असेल ते पिवळ्या रेघांनी. सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने. मोकळ्या जागेला रंग द्यायचा नाही, ती कोरी सोडायची. आणि रस्ता हिरवा. जो रस्ता आज जमिनीवर आहे त्याची रेघ सलग, जो पुढे कधीतरी होणार आहे त्याची तुटक. नवशिक्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हाच फरक शिकवायची, कारण तो चुकला की सगळा नकाशा चुकतो.

आपल्या नोटिशीवर माझी हरकत नेमकी याच फरकाबद्दल आहे. आपण तुटक हिरवी रेघ सलग धरून परवानग्या देणार आहात.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी ती शोधून काढल्यासारखी मांडायला नको. या निर्णयाने माझा फायदा आहे. आमची सोसायटी १९८६ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि माझ्या यजमानांचे गुडघे गेली सहा वर्षं त्यांना दिवसातून एकदाच खाली उतरू देतात. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा मीही सभेत हात वर केला. गल्ली नऊ मीटरची धरली तर विकसकाला जास्त मजले मिळतात आणि आम्हाला जास्त मोठं घर. गल्ली सहाचीच राहिली तर कदाचित कुणी विकसक आमच्याकडे फिरकणारही नाही. हे सगळं कळूनच मी लिहिते आहे. उंच इमारतींना किंवा नव्या माणसांना माझा विरोध नाही. शहरात घर हवं असलेली माणसं आहेत, त्यांना घरं मिळाली पाहिजेत, आणि ती नोकरीच्या, शाळेच्या, बसच्या जवळ मिळाली पाहिजेत. डोंगर फोडून आणि शेतं खाऊन शहर पसरण्यापेक्षा आहे त्या जागेत दाटीने राहणं बरं, असंच मला वाटतं.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात. तिच्यातलं एक तत्त्व मला फार शहाणपणाचं वाटलं होतं: रस्ता जेवढा रुंद, तेवढं बांधकाम. नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१. त्यावर प्रीमियमचा, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय नाही, आणि टीडीआरचाही, म्हणजे सार्वजनिक कामाला जमीन देणाऱ्याकडून विकत घेतलेल्या बांधकामहक्काचाही नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की ०.५ प्रीमियम भरून, ०.४ टीडीआर विकत घेऊन, एकूण २. पुढे रस्ता रुंदावत जाईल तसा आकडा वाढत जातो, आणि ३० मीटरच्या रस्त्यावर ३ होतो. या सगळ्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे जिने-बाल्कन्यांसारख्या जोडजागांसाठीचा, एफएसआय वेगळा. म्हणजे माणसं किती येणार हे त्या माणसांना वाहून नेणारा रस्ता ठरवतो.

आता हेच तत्त्व आमच्या गल्लीला लावून पाहू. गल्लीत ३४ भूखंड आहेत, सरासरी ५०० चौरस मीटरचे. आजच्या सहा मीटर रस्त्यावर एका भूखंडाला १.१ प्रमाणे ५५० आणि अँसिलरी धरून ८८० चौरस मीटर बांधता येतं. तोच भूखंड कागदावर नऊ मीटर रस्त्यावर आला की २ प्रमाणे १,००० आणि अँसिलरी धरून १,६०० चौरस मीटर. साधारण १८ सदनिका. ३४ भूखंडांचा हिशेब केला तर ६१२ कुटुंबं. आज या गल्लीत ११८ कुटुंबं राहतात. मी दारोदार जाऊन मोजली आहेत, कारण आपल्या नोटिशीत हा आकडा कुठेच नव्हता. एका घरात चार माणसं धरली आणि माणशी रोजचं १३५ लिटर पाणी, जे सरकारी मापदंडातलंच माप आहे, तर रोज सव्वातीन लाख लिटरहून जास्त पाणी लागेल. दहा हजार लिटरचे ३३ टँकर. आमच्याकडे नळ सकाळी पावणेसहाला येतो आणि सव्वासातला जातो. एप्रिलपासून तेवढाही भरवसा नसतो. सांडपाण्याची वाहिनी नऊ इंची आहे, गल्ली झाली तेव्हा टाकलेली, आणि दर पावसाळ्यात शेवटच्या तीन घरांच्या न्हाणीघरात उलटी येते.

हे सगळं नऊ मीटरच्या रस्त्यावर झालं असतं तरी अवघडच होतं. पण इथे नऊ मीटरचा रस्ता नसणारच आहे, आणि हीच गोष्ट नोटीस वाचून कुणाच्या लक्षात येत नाही. रस्तारेषा आखली म्हणून दुसऱ्या दिवशी कुंपणं मागे सरकत नाहीत. जो भूखंड पुनर्विकासाला जातो, तोच आपल्यापुढची दीड मीटरची पट्टी सोडतो आणि तिच्या बदल्यात एफएसआय घेतो. शेजारचा जात नाही, तोवर त्याची भिंत जिथे आहे तिथेच. आमच्या गल्लीत दोन बंगल्यांचे वारसाचे दावे कोर्टात आहेत. एका बंगल्यात ८४ वर्षांच्या बाई एकट्या राहतात, त्यांना घर सोडायचं नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. म्हणजे येती कितीतरी वर्षं ही गल्ली दात पडलेल्या कंगव्यासारखी राहणार: दहा मीटर लांबीपर्यंत रुंद, मग अठरा मीटर लांबीपर्यंत अरुंद, पुन्हा रुंद. रुंद झालेल्या तुकड्यात त्याच इमारतीच्या गाड्या उभ्या राहणार. बंबाला, रुग्णवाहिकेला, शाळेच्या बसला उपयोग सगळ्यात अरुंद जागेइतकाच. मजले मात्र नऊ मीटरच्या हिशेबाने चढलेले असणार.

पुण्यात २०२० मध्ये अशाच ३२३ रस्त्यांच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव आला होता, तेव्हा तिथल्या नागरिकांनी हाच प्रश्न विचारला होता. निवडक गल्ल्यांनाच का, पाणी कुठून, आणि रस्ता आधी की इमारत आधी. तेव्हापासून मला वाटत होतं की हा विषय आपल्याकडेही येईल. राज्यातल्या बहुतेक महापालिकांत २०२२ पासून काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासकांच्या सहीने कारभार चालला. त्या काळात असा एखादा प्रस्ताव मांडला कुणी आणि का, हे कुणाला विचारायचं हेच नागरिकांना कळेना.

आपण म्हणाल, इमारती नियमाने होतील, वाहनतळ असेल, इमारतीभोवती मोकळं सामासिक अंतर असेल, बंब फिरेल. महोदय, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इमारत आहे. तिचा नकाशा १९९१ मध्ये मी स्वतः काढला आहे. तळमजला पूर्ण स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा वाहनतळ: १४ मोटारी, २२ स्कूटर. ते आयत मी मोजून आखले होते, प्रत्येक मोटारीला क्रमांक घातला होता, वळायला जागा ठेवली होती. महापालिकेने तो नकाशा शिक्का मारून मंजूर केला. आज त्या १४ आयतांवर एक रक्ततपासणीची लॅब, एक मोबाइलचं दुकान, कपड्यांचे दोन गाळे आणि एक शिकवणीवर्ग आहे. बाजूच्या सामासिक अंतरात पत्र्याची शेड टाकून जनरेटर आणि लॅबचं सामान. रहिवाशांच्या गाड्या रस्त्यावर. लॅबमध्ये आलेल्यांच्या गाड्या आमच्या फाटकापुढे. सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे की स्टिल्टमधली पार्किंगची जागा विकसकाला वेगळी काढून विकता येत नाही. मग तिथे गाळे पाडून कसे चालतात?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी त्या इमारतीतल्या मीटरच्या खोलीत आग लागली. धूर जिन्यातून वर चढला. बंब वेळेवर आला, अग्निशमन दलाच्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तो गल्लीत वळू शकला नाही. दोन्ही बाजूंना गाड्या, आणि मागच्या बाजूला जायला ठेवलेल्या वाटेत पत्र्याची शेड. त्यांनी कोपऱ्यावर बंब उभा करून पाइपला पाइप जोडत नेला. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीला आणि तिच्या आजीला शेजारच्या गच्चीवरून फळी टाकून बाहेर काढलं. ती फळी आमच्या सोसायटीतून गेली होती, रंगाऱ्याने विसरलेली. त्या दिवशी कुणी दगावलं नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मला सारखे ते माझे आयत दिसत होते.

त्यानंतर आम्ही तक्रार केली. प्रभाग कार्यालय, मग नगररचना, मग लोकशाही दिन, मग माहितीचा अधिकार. माहितीच्या अधिकारात जे कळलं ते इथे मांडते. या इमारतीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ची नोटीस आमच्या तक्रारीच्या कितीतरी आधीच बजावलेली होती. स्थळपाहणी झाली होती, पंचनामा झाला होता. मग मालकांनी बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज केला. कायद्यात तशी सोय आहे, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. अर्ज मंजूर नाही, नामंजूरही नाही. तो नुसता आहे. त्या एका अनिर्णित कागदाच्या आडोशाने पाच दुकानं आणि एक जनरेटर इतकी वर्षं चालले आहेत. दरम्यान महापालिका त्या गाळ्यांची व्यावसायिक दराने घरपट्टी घेते. दुकान चालवणारे मला ती पावती दाखवून सांगतात, बघा काकू, आम्ही अधिकृत आहोत. त्यांची चूक नाही. ते भाडेकरू आहेत, पावतीवर महापालिकेचं नाव आहे, त्यांनी तसंच समजायचं.

अंमलबजावणीचा माणूस नसतो, असं आपल्या कार्यालयात मला अनेकदा सांगण्यात आलं. मी ते मानते, कनिष्ठ अभियंत्यांवर किती भार असतो हे मी जवळून पाहिलं आहे. पण त्याच कोपऱ्यावर कोथिंबीर-मिरची घेऊन बसणाऱ्या बाईंची पाटी उचलायला गाडी आठवड्यातून दोनदा येते. त्या बाई रस्त्याचा एक मीटर अडवतात, सकाळी दोन तास. इमारतीने अडवलेला वाहनतळ अडीचशे चौरस मीटरच्या वर आहे, दिवसाचे २४ तास. बाईंना नोटीस मिळत नाही, अर्ज करता येत नाही, कोर्टात जाता येत नाही. ज्याला हे सगळं परवडतं त्याच्यासाठी कायदा सावकाश चालतो. हे बोलताना मला त्रास होतो, कारण मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की नकाशा नियमात बसवा, म्हणजे झोप लागेल.

मैदानाचं सांगायचं राहिलं. गल्लीच्या मागे जुन्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. आमची मुलं तिथे क्रिकेट खेळली, गणपतीचा मांडव तिथेच पडायचा. जमीन खाजगी होती, महापालिकेने ती कधी घेतली नाही. दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मूळ कायद्यात ही मुदत सहा महिने होती, ती वाढत वाढत २४ महिने झाली आहे. मालकाने नोटीस दिली. त्याच्यावर माझा राग नाही. जमीन अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हा त्याच्यावरही अन्यायच होता. २४ महिने फाइल निधीच्या शेऱ्यासाठी एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरली. आरक्षण गेलं. आम्हाला ते कळलं तेव्हा पत्र्याचं कुंपण लागलं होतं. नोटीस आली त्या दिवशी आम्हाला सांगितलं असतं, तर आम्ही आपल्या दारात येऊन बसलो असतो, मालकाला टीडीआर घ्या म्हणून विनवलं असतं, काहीतरी केलं असतं. आज ११८ कुटुंबांना मैदान नाही. उद्या ६१२ कुटुंबांची मुलं कुठे खेळणार, याचं उत्तर रस्तारेषेच्या प्रस्तावात नाही, कारण भूखंड छोटे आहेत. १० टक्के मोकळी जागा सोडण्याची अट ४ हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेला आहे. ५०० चौरस मीटरचे ३४ भूखंड मिळून १७ हजार होतात, पण एकेक करून बांधले की एकालाही ती लागू होत नाही.

आमच्याकडे वरून येणाऱ्या शब्दावर लोकांचा विश्वास का उरला नाही, तेही सांगते. नियम मोडणाऱ्याला ठाऊक असतं की थांबलं तर बांधकामं नियमित करण्याची तारीख पुढे सरकेल. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची घरं नियमित करण्याचा, कायदा २००१ चा, त्या वर्षाच्या आधीच्या बांधकामांसाठी होता. २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्याआधी २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२अ घालून २०१५ अखेरपर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना वाट करून दिली. गरिबाचं डोक्यावरचं छप्पर वाचलं याचं मला समाधान आहे, आणि प्रत्येक वेळी त्यामागे खरी अडचण होती हेही मी जाणते. पण ज्याने मंजुरी घेऊन, शुल्क भरून, एक खोली कमी बांधली, तो प्रत्येक वेळी वेडा ठरतो. आणि वेळेवर न थांबवलेल्या बांधकामाची किंमत शेवटी कोण देतं? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली, त्यांत मजूर होते, त्यांची मुलं होती. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट पडली, १७ जण गेले. नालासोपाऱ्यात २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ४१ इमारती पाडल्या. सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी आरक्षित जमीन होती. त्या घरांत राहणाऱ्यांनी पैसे मोजून घरं घेतली होती. इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा कुणीतरी त्या रस्त्याने रोज जात असणारच.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी आदेश दिले आहेत. ते प्रकरण आमच्यासारखंच आहे: घरासाठी दिलेल्या भूखंडावर दुकानं. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावून ठेवायचा, वेळोवेळी पाहणी करून नोंद ठेवायची, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पाणी-वीज जोडायची नाही, ताबा द्यायचा नाही, आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई करायची. आमच्या प्रभागात सध्या सात बांधकामं चालू आहेत. मी सातही ठिकाणी जाऊन आले. फलक आहेत, त्यांवर सदनिकांची चित्रं आहेत, झाडं आहेत, पोहण्याचे तलाव आहेत. मंजूर नकाशा एकाही ठिकाणी नाही.

आता मागण्या.

रस्तारेषा आखायला आमची हरकत नाही. पण मुख्य रस्त्यापासून त्या भूखंडापर्यंत गल्ली प्रत्यक्षात सलग नऊ मीटर झालेली असेल, पट्टी महापालिकेच्या ताब्यात येऊन डांबर पडलेलं असेल, तेव्हाच तिथे प्रीमियम आणि टीडीआर द्या. तोपर्यंत सहा मीटरचा हिशेब. ज्या भूखंडांना लवकर हवं आहे त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घ्यावं, एकत्र यावं, आणि तशी योजना करणाऱ्यांना आपण मदत करावी. दहा भूखंड एकत्र आले तर मोकळ्या जागेची अटही आपोआप लागू होते. आमच्या सोसायटीला थांबावं लागलं तर आम्ही थांबू. गुडघ्यांचं आम्ही बघू. जिन्याला बाहेरून लिफ्ट बसवायची परवानगी तेवढी लवकर द्या.

परवानगी देण्याआधी त्या गल्लीत पाणी किती येतं, वाहिनी किती व्यासाची आहे आणि नवी कधी पडणार, हे लेखी जाहीर करा. आमच्या भागातून जमा होणारं प्रीमियम आमच्या भागाच्या वाहिन्यांसाठी वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा आणि दरवर्षी त्याचा जमाखर्च छापा.

आमच्या भागातल्या प्रत्येक इमारतीच्या मंजूर वाहनतळाची पाहणी करा. नकाशे आपल्याकडे आहेत. माझ्या हातचेही आहेत. जिथे दुकानं झाली आहेत तिथे भाडेकरूंना पर्यायी गाळा शोधायला पुरेसा वेळ द्या, त्यांचं ऐकून घ्या. बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंच आहे, ती रीत पाळा. पण वेळ ठरवून द्या, आणि ती संपल्यावर वाहनतळ मोकळा झाला पाहिजे. सामासिक अंतरातल्या शेडना मात्र इतका वेळ देऊ नका. तिथून बंब जायचा असतो.

कलम ५३च्या सगळ्या नोटिसांची यादी संकेतस्थळावर टाका: नोटिशीची तारीख, त्यावर परवानगीचा अर्ज आहे का, तो कधीपासून पडून आहे, कुणाच्या टेबलावर. साठ दिवसांत तो हो किंवा नाही असा निकाली काढा. कलम १२७ च्या नोटिशीही त्याच दिवशी जाहीर करा, शेवटच्या तारखेसह, म्हणजे पुढचं मैदान आम्हाला वाचवता येईल.

कोपऱ्यावरच्या बाईंना बसायला जागा आखून द्या.

हरकतींवरची सुनावणी आपण मुख्य इमारतीत, कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली आहे. त्या वेळी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं कामावर असतात आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांना जिने चढवत नाहीत. सुनावणी प्रभागातल्या शाळेत, संध्याकाळी सातनंतर घ्यावी अशी विनंती आहे. त्याआधी एकदा आपण स्वतः गल्लीत यावं, शक्यतो संध्याकाळी साडेसहाला, गाडी कोपऱ्यावर ठेवून. टेप मी आणते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रुंदी आपण मिळून मोजू, आणि जो आकडा येईल तो आपण नकाशावर सलग रेघेने लिहावा.

आपली नम्र,
सहा मीटरच्या गल्लीतली एक रहिवासी
(निवृत्त ड्राफ्ट्समन)